कॅन्सरच्या कामाला माणसं तयार आहेत, पण कुणाला कुठलं काम द्यायचं?

कृष्णाकाठ (कराड)

तरुण मंडळ, दोन बचत गट आणि निवृत्त शिक्षक मिळून कॅन्सरच्या कामासाठी नावं घेतली आहेत. बावीस जण आलेत. यादीत 'का यायचंय?' असा एक रकाना ठेवला होता. घरातलं माणूस गेलं, असं सात जणांनी लिहिलंय. उपचार घेऊन बरे झालेले दोघे आहेत. गुटख्यानं पोरं वाया चाललीत म्हणून पाच तरुण आलेत. नर्सिंग शिकणारी एक मुलगी आहे, नेहमी रक्त देणारे तिघे आहेत आणि वेळ आहे म्हणून आलेला एक शिक्षक आहे. तिघांनी रकाना कोराच ठेवलाय. मंडळाचं म्हणणं, सगळ्यांना घेऊन ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिनाची फेरी काढू आणि शिबिर घेऊ. जाणकारांनी सांगावं, कुणाला कुठं लावायचं आणि शिबिरात नेमकं काय लागतं.

हळदीचं पेव (सांगली)

रकाना ठेवलात हे फार चांगलं केलंत. कारण कळलं की माणसाला काय झेपेल आणि काय झेपणार नाही याचा अंदाज येतो.

घरातलं माणूस गेलेल्या सात जणांना आधी एवढंच विचारा, किती दिवस झाले. वर्ष झालं नसेल तर रुग्णाच्या घरी किंवा वॉर्डात पाठवू नका. समोर तसाच पेशंट, तशीच नळी, तसाच वास आला की माणूस कोसळतं, आणि पेशंटच्या घरच्यांनाच त्याला सावरत बसावं लागतं. त्यांना कागदपत्रं, गाडीची सोय, सामानाची मोजदाद द्या. वर्षभरानंतर ते स्वतःहून म्हणाले तर घरभेटीला घ्या, तेही पहिल्या चार भेटी जुन्या माणसासोबत.

बरे झालेल्या दोघांची खरी जागा ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर आहे. पहिल्या केमोच्या आधी पेशंटशेजारी केस परत आलेलं माणूस येऊन बसलं की डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या समजावण्याइतकं काम होतं. पण त्यांना एक नियम घालून द्या: आपलं औषध, आपला डोस, आपलं पथ्य सांगायचं नाही. एकाचा गालाचा कॅन्सर आणि दुसऱ्याचा गालाचा कॅन्सर यांचे उपचारसुद्धा टप्प्यानुसार वेगळे असतात. 'मला तर शेक दिलाच नाही, तुम्हाला कशाला?' एवढ्या एका वाक्यावर लोक शेक, म्हणजे रेडिएशन, अर्ध्यात सोडतात.

गुटख्यावर चिडून आलेल्या पोरांना तपासणीच्या टेबलावर बसवू नका. ती समोरच्याला रागावतात, आणि एकदा अपमान झालेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. त्यांना शाळांचं काम द्या. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू विकता येत नाही. टेप घेऊन मोजायचं, टपऱ्यांची यादी करायची आणि मुख्याध्यापकांच्या सहीनं पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा. दुकानदाराशी भांडायला जायचं नाही.

माणगंगा (दहिवडी)

तारखेचा आधी विचार करा. ४ फेब्रुवारीला ऊसतोड जोरात असते. कराड, वाळवा, पलूस भागात बाया-माणसं पहाटेच फडात जातात आणि दिवस मावळता परततात. तासगाव, कवठेमहांकाळकडं तेव्हा द्राक्षाचा माल निघत असतो. सकाळी ११ ला मंडप टाकलात तर ज्यांच्या तोंडात तंबाखू आहे ते सोडून बाकीचे सगळे येतील. फेरी ४ तारखेला काढा हवी तर, शिबिर वेगळ्या दिवशी घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारापासून जवळ, किंवा संध्याकाळी ५ नंतर.

ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जायचं असेल तर फक्त तोंडाची तपासणी करा, बाकीचं तिथं जमत नाही. कोपीत उजेड नसतो, पाणी लांब असतं. आणि नाव लिहिताना गावाबरोबर त्यांचा मूळ तालुका, तिथल्या आशाताईंचा नंबर मिळाला तर तो, आणि मुकादमाचा नंबर घ्या. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की सगळी वस्ती उठते. तुमच्या चिठ्ठीवर फक्त कारखान्याचं नाव असेल तर तो माणूस हरवलाच म्हणून समजा.

आणखी एक. बायकांना 'तंबाखू खाता का' असं विचारू नका. नाही म्हणतील, आणि खोटंही बोलत नसतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण त्यांच्या हिशेबी ती दात घासायची वस्तू आहे. 'मशेरी दिवसातनं किती वेळा लावता?' असं थेट विचारा. चार वेळा, पाच वेळा असं सरळ उत्तर येतं.

अक्कलदाढ (तासगाव)

तोंडाच्या तपासणीबद्दल लिहितो. तपासणी दंतवैद्यानं किंवा प्रशिक्षित नर्स-डॉक्टरनंच करायची. पण ती नीट होणं बरंचसं स्वयंसेवकांच्या तयारीवर असतं.

एका माणसाला तीन-चार मिनिटं लागतात. एक तपासणारा तासाला पंधराच्या वर नीट बघू शकत नाही. चार तास, दोन दंतवैद्य म्हणजे १२० माणसं. त्यापुढचे टोकन वाटू नका. जाहिरातीत '५०० जणांची तपासणी' लिहायच्या हौसेपायी तोंडात नुसता टॉर्च मारून माणसं पुढं सरकवली जातात आणि 'तपासलं, काही नाही' असा खोटा दिलासा घेऊन लोक घरी जातात. त्यापेक्षा शिबिर न घेतलेलं बरं.

१२० जणांसाठी हातमोज्यांचे १५० जोड, लाकडी चपट्या पट्ट्या ३००, कारण गाल बाजूला करायला दोन लागतात, गॉजचे (जाळीदार सुती कापडाचे) तुकडे २००, कागदी पेले १५०. डोक्याला बांधायचे एलईडी दिवे दोन, हातातले टॉर्च दोन आणि जादा सेल. प्रकाश पांढराच हवा. पिवळ्या उजेडात पांढरा चट्टा दिसतच नाही, लालसर चट्टा तर अजिबात नाही, आणि लाल चट्टा जास्त धोक्याचा. कचऱ्याला दोन रंगाच्या पिशव्या: वापरलेलं गॉज आणि लाकडी पट्ट्या पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून ठेवा, संध्याकाळी पिशव्या त्यांच्याकडं जमा करायच्या. मंडपामागं जाळू नका.

रांगेत उभ्या माणसाकडून स्वयंसेवकानं तीन गोष्टी करून घ्याव्यात. खळखळून चूळ भरायची, तोंडातला तंबाखूचा बार आधी टाकायचा, आणि कवळी असेल तर काढायची. कवळीखालची जखम कवळी न काढता कुणालाच दिसत नाही. लोकांना चारचौघांत काढायला लाज वाटते, म्हणून एक पडदा आणि नाव लिहिलेली वाटी ठेवा.

मग तीन बोटांची चाचणी, ही तर स्वयंसेवकही करून घेऊ शकतो. माणसानं स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली तर सुपारी-गुटख्यानं गालाच्या आतली कातडी आकसायला लागली असण्याची शक्यता आहे. एकच गेलं तर त्याला रांगेत पुढं घ्या. ही पोरं बऱ्याचदा विशीतली असतात. सरकारी तपासणी तीस वर्षांपुढच्यांसाठी आखलेली आहे, पण गुटखा खाणाऱ्याला वय विचारून परत पाठवू नका.

तपासणाऱ्यानं ओठांपासून सुरुवात करून दोन्ही गाल आतून, हिरडी आणि गालाच्या मधली खाच, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि शेवटी मानेच्या गाठी बघायच्या. जीभ गॉजमध्ये धरून बाहेर ओढल्याशिवाय मागची कड दिसत नाही. आणि माणसाला विचारायचं, बार कुठं धरता? तो बोटानं दाखवतो तिथं सगळ्यात आधी बघायचं.

पुढं कुणाला पाठवायचं? तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा खरवडून निघत नाही, मानेत गाठ, गिळताना त्रास. अजून एक, जे हमखास सुटतं: हलणारा दात काढला आणि ती जागा महिना झाला तरी भरत नाही. तिथं हाड आधीच पोखरलेलं असू शकतं. दातदुखी समजून दोन-दोन महिने अँटिबायोटिक खाण्यात जातात.

वाईची वाट

आमच्याकडं बचत गटाच्या बायकांना गर्भाशयमुखाची तपासणीपण शिबिरातच हवी आहे. मंडपात जमेल का?

सिस्टरताई (मिरज)

मंडपात नको गं. उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात घ्या, दार लागणारी खोली हवी. टेबल, चांगला दिवा, जंतुमुक्त स्पेक्युलम (आतला भाग दिसावा म्हणून घालायचं साधन) आणि शिकलेली नर्स हवी. तपासणी साधी असते. ५ टक्के ॲसेटिक ॲसिड कापसानं लावायचं, घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं. चुकतं ते दोन ठिकाणी. एक, द्रावण. ५ मिलि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ९५ मिलि पाण्यात, रोजचं रोज ताजं. मोजमाप चुकून कडक झालं तर बाईला भाजतं आणि ती बातमी दुपारपर्यंत गावभर होते, मग शिबिर बंदच. दुसरं, ते एक मिनिट. गर्दी असली की वीस सेकंदांत बघून टाकतात. पन्नाशीच्या पुढं ही तपासणी तितकी भरवशाची राहत नाही, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. त्या बायकांसाठी डॉक्टरांना वेगळं विचारायचं. पाळी चालू असेल तर पुढची तारीख द्यायची, नाव खोडायचं नाही.

स्वयंसेवक बायकांचं काम दाराबाहेर. आत काय होणार ते आधी सांगायचं, सोबत बसायचं, मूल सांभाळायचं. सासू सोबत आली असेल तर तिलाही तपासून घ्या. ती आत गेली की सुनेची वाट मोकळी होते.

हे काम वरवरचं नाही, म्हणून सांगते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात खेड्यांतल्या सव्वा लाखांहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, चाचणी एकदाच केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी झाले. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या लोकांनी ॲसेटिक ॲसिडची तपासणी डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या बायकांकडून करून घेतली, तिथंही मृत्यू कमी झाले. आपल्या बार्शीला तर १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. खेड्यातल्या बायका अशा तपासणीला येत नाहीत, हे म्हणणंच चुकीचं आहे.

हळदीचं पेव (सांगली)

सगळ्यांनी शिबिराचं लिहिलं, मी शिबिरानंतरचं लिहिते, कारण काम तिथं फसतं. १२० मध्ये दहा-बारा जणांना पुढं पाठवायची चिठ्ठी दिली असेल, तर कुणी मागं न लागता त्यातले थोडेच जातात. उरलेले का जात नाहीत? दुखत नाही म्हणून. सोबत यायला कुणी नाही म्हणून. ऊस जायचाय म्हणून. आणि 'तपासायला तुकडा काढला (बायोप्सी केली) की आजार पसरतो' या समजुतीनं, ही सगळ्यात घट्ट आहे.

चिठ्ठी कार्बन लावून दोन प्रतींत करा. एक माणसाजवळ, एक तुमच्या रजिस्टरला चिकटवलेली. रकाने एवढेच ठेवा: नाव, वय, गाव-वस्ती, दोन फोन नंबर, आशाताईंचं नाव, कशासाठी पाठवलं, कुठं पाठवलं, गेले का, तुकड्याचा रिपोर्ट, उपचार सुरू झाले ती तारीख. दोन नंबर यासाठी की पहिला बहुतेकदा पुण्यात असलेल्या मुलाचा निघतो. फोन तिसऱ्या, दहाव्या आणि एकविसाव्या दिवशी करायचा. एकविसाव्यालाही गेले नसतील तर घरी जायचं. 'गेले' एवढ्यावर रकाना बंद करू नका, रिपोर्ट हातात येईपर्यंत ते नाव तुमचंच.

त्याहून चांगलं म्हणजे दवाखान्याशी बोलून एक वार ठरवा आणि चार-पाच जणांना एकाच गाडीतून न्या. एकटा माणूस दारातून परत येतो, पाच जण मिळून आत जातात.

फोनवर 'कॅन्सर' हा शब्द स्वयंसेवकानं उच्चारायचा नाही. निदान झालेलं नसतं. 'डॉक्टरांनी अजून एकदा दाखवायला सांगितलंय' एवढंच. माइकवरून नावं पुकारायची नाहीत, व्हॉट्सॲपवर यादी नाही, फोटो नाहीत. लग्नाच्या वयाची मुलगी असली की त्या घरावर याचा काय परिणाम होतो ते तुम्हाला सांगायला नको.

मिरज जंक्शन

निवृत्त शिक्षकांना कागदाचं काम द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत उपचार होतात. अडतं ते नावात. रेशनकार्डावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', जन्मसाल वेगळं. हे दवाखान्यात लक्षात आलं तर आठ दिवस जातात. म्हणून चिठ्ठी दिली त्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नावं जुळवा, आणि तलाठी-तहसीलचं काम आधीच करून घ्या. दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, 'योजना आहे का' असं विचारू नका, 'या आजाराची शस्त्रक्रिया आणि शेक दोन्ही इथं योजनेत होतात का' असं विचारा. दवाखाना योजनेत असतो, पण तोच उपचार असेलच असं नाही. मंजुरीसाठी तुकड्याचा रिपोर्ट आणि स्कॅन लागतो, त्याचा खर्च कधी आधी खिशातून करावा लागतो, तेवढ्यासाठी मंडळानं थोडी रक्कम बाजूला ठेवावी. योजनेची चौकशी १५५३८८ वर होते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, तेही विचारायचं.

परळला टाटाला जायचंच असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. तिथले डॉक्टर तुकडा स्वतः पुन्हा तपासतात. जिथं तपासणी झाली त्या लॅबमधून लेखी अर्ज देऊन काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, दोन्ही मागून घ्यायचे. स्लाइड कापसात गुंडाळून डब्यात, ब्लॉक वेगळ्या डब्यात. ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा काचेजवळ उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडलं की आतला तुकडा खराब होतो आणि पुन्हा बायोप्सी करावी लागते. स्कॅनची सीडी निघण्याआधी कॉम्प्युटरवर उघडून बघा.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढायचं. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरज, सांगली, कराड, सातारा करत सकाळी मुंबईत पोचते, दादरला उतरायचं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, दवाखान्याची चिठ्ठी जवळ ठेवा आणि जागेचं आधी विचारा.

बी पॉझिटिव्ह (इस्लामपूर)

रक्त देणाऱ्या तिघांसाठी. केमोच्या पेशंटला पिशवीभर रक्तापेक्षा प्लेटलेट्स जास्त लागतात, आणि त्या पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. म्हणून मोठं रक्तदान शिबिर घेऊन हा प्रश्न सुटत नाही, बोलावल्यावर येणारी माणसं लागतात. मशीनवर एकाच दात्याच्या प्लेटलेट्स काढतात त्याला एसडीपी म्हणतात. तास-दीड तास लागतो. वजन ५० किलोच्या वर, प्लेटलेट्स दीड लाखांच्या वर, कोपरातली शीर ठळक. तीन दिवस आधीपासून ॲस्पिरिन नको. साधं रक्त दिलं असेल तर २८ दिवस थांबायचं. आदल्या रात्री वडापाव, मिसळ, तळण नको, रक्तात चरबी उतरते. मशीनवर असताना ओठांना मुंग्या येतात, ते रक्त न गोठण्याच्या औषधानं कॅल्शियम कमी झाल्यामुळं. लगेच सिस्टरना सांगायचं, सहन करत पडून राहायचं नाही. तिघांऐवजी पंधरा जणांची रक्तगटवार यादी करा. आणि डेंग्यूच्या दिवसांत हेच दाते सगळीकडून मागितले जातात, तेव्हा आपला दाता राखून ठेवा.

सिस्टरताई (मिरज)

घरभेटीचं थोडं. नर्सिंगच्या मुलीला यात घ्या, पण सुई आणि नळी घालणं तिनंही करायचं नाही.

तोंडाच्या पेशंटला नाकातून नळी असते. भरवताना पाठ उशा लावून उभी, नंतर अर्धा-पाऊण तास तसंच. २०० ते २५० मिलि, सिरिंज वर धरून आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्या दाबायचा नाही. आधी आणि नंतर ३०-५० मिलि कोमट पाणी. नाचणीची पेज गरम असताना पातळ दिसते, निवली की नळीत घट्ट होते, म्हणून मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि ताकानं सैल करायची. नळी तुंबली तर कोमट पाणी, तार घालायची नाही. निसटली तर दवाखाना. नाकाजवळ नळीवर पेनानं खूण करून ठेवा, खूण सरकली असेल तर भरवू नका.

शेक चालू असताना तोंड सोलवटतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा नुसतं खेळवून थुंकायचं.

आणि हे घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा: केमोनंतर ताप १००.४ झाला की त्याच तासाला दवाखाना, रात्र असली तरी. सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघण्यात माणसं जातात. घरात थर्मामीटर नसतो, म्हणून मंडळाच्या पैशातून काही घ्यायचंच असेल तर पहिली वस्तू ती घ्या.

कृष्णाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. शिबिर गुढीपाडव्यानंतर संध्याकाळी, १२० टोकन. बायकांची तपासणी उपकेंद्रात वेगळ्या दिवशी. एक राहिलं, रकाना कोरा ठेवणारे तिघे. त्यांना बोलावून विचारू का?

हळदीचं पेव (सांगली)

विचारू नका. कोरा ठेवणाऱ्यांत कुणाच्या घरात आत्ता उपचार चालू असतात, कुणाला स्वतःच्याच तोंडातला चट्टा दाखवायचा असतो. शिबिराच्या आदल्या दिवशी 'आधी सगळे स्वयंसेवक तपासून घेऊ' असं अक्कलदाढांकडून करवून घ्या, बावीसच्या बावीस. म्हणजे तिघांना वेगळं काढावं लागत नाही. काम विचाराल तर रजिस्टर द्या त्यांना, ते शांतपणे होतं. आणि पाडव्यानंतर म्हणताय तर ऊसतोडीच्या कोप्या त्याआधी करून घ्या, माणगंगांनी म्हटलंय तसं पट्टा पडायच्या आत.